मेंदू आणि मज्जासंस्थेच्या आजारांवरचा रिसर्च: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या बाबांना पार्किन्सन्स आहे. निदान होऊन नऊ वर्षं झाली आणि त्यातली सहा वर्षं ते एका दीर्घकालीन अभ्यासात सहभागी आहेत, म्हणजे दर सहा महिन्यांनी रक्त द्यायचं, चालून दाखवायचं, वास ओळखायचे, ढीगभर प्रश्नांची उत्तरं द्यायची. त्यांच्यासोबत जाता जाता मी वाचायला लागले, तिथल्या लोकांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं, आणि आता नातेवाईक, ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे असे सगळे मला तेच तेच विचारत असतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, त्यामुळे गोळी चालू-बंद करायची असेल तर ते तुमच्या न्यूरोलॉजिस्टशी बोलूनच.

यात नक्की कोणकोणते आजार येतात?

खूप. अल्झायमर, पार्किन्सन्स, एपिलेप्सी म्हणजे फिट्स, स्ट्रोक म्हणजे ज्याला आपण लकवा किंवा पक्षाघात म्हणतो, मायग्रेन, मल्टिपल स्क्लेरोसिस, एएलएस (ज्यात स्नायू चालवणाऱ्या पेशी मरत जातात), हंटिंग्टन्स (घराण्यातून येणारा, हालचाल आणि विचार दोन्ही बिघडवणारा), एसएमए (लहान बाळांचा, त्याचं पुढे लिहिलंय), आणि अजून शेकडो. प्रत्येकाचं कारण वेगळं. कुठे पेशी हळूहळू मरतात, कुठे रक्ताची गुठळी अडकते, कुठे शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती नसांवरचं आवरण खाते (तो मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस), कुठे एका जीनमध्ये चूक असते. म्हणून "मेंदूच्या आजारावर औषध सापडलं का" या प्रश्नाला एक उत्तर नसतंच, आधी कुठला आजार ते विचारावं लागतं.

एवढा रिसर्च चाललाय, पैसा ओततायत, मग अजून औषध का नाही?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात आणि विचारताना आवाजात राग असतो, तो मला कळतो कारण मलाही तो यायचा.

पहिली अडचण, मेंदूत डोकावता येत नाही. यकृताचा किंवा त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासता येतो, जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा असा सहज काढता येत नाही, त्यामुळे बराच काळ जे काही कळलं ते माणूस गेल्यानंतरच. अलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ज्या बाईंचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तो आजार मांडला त्याही तोवर वारल्या होत्या, आणि नंतर कित्येक दशकं खात्रीचं निदान हवं असेल तर शवविच्छेदन हाच मार्ग होता.

दुसरी अडचण, पसारा. साधारण ८६ अब्ज न्यूरॉन्स, म्हणजे संदेश वाहणाऱ्या पेशी. हा आकडा नुसता वाचून काही होत नाही, म्हणून हे बघा: २०२४ मध्ये माणसाच्या मेंदूचा फक्त एक घन मिलिमीटर तुकडा, म्हणजे तांदळाच्या दाण्याहूनही बारीक, तो पूर्ण नकाशात उतरवला, तर त्यात ५७ हजार पेशी आणि १५ कोटी जोडण्या निघाल्या आणि त्याचा डेटा झाला १.४ पेटाबाइट, म्हणजे १४ लाख गिगाबाइट. एका कणाचा! आणि त्यातलं काय बिघडल्यामुळे आजोबा नातवाचं नाव विसरतात ते शोधायचंय.

तिसरी अडचण म्हणजे मेंदूचा पहारेकरी. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक पक्की भिंत असते, रक्तवाहिन्यांच्या पेशी तिथे इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की बहुतेक औषधं आत जातच नाहीत. पॉल एर्लिख यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला तर सगळे अवयव रंगले, मेंदू मात्र कोरा राहिला. आपल्याला विषांपासून वाचवणारी हीच भिंत औषधालाही अडवते.

आणि चौथी, माझ्या मते सगळ्यात मोठी, आपण पोचतो तेव्हा उशीर झालेला असतो. त्याचं वेगळं लिहिते.

उशीर म्हणजे? लक्षणं दिसली की लगेच डॉक्टरांकडे गेलो तरी?

हो, तरीही. पार्किन्सन्समध्ये हात थरथरायला लागेपर्यंत मेंदूतल्या एका विशिष्ट भागातल्या, डोपामाइन (हालचालींसाठी लागणारं रसायन) बनवणाऱ्या पेशी साधारण अर्ध्या किंवा त्याहून जास्त गेलेल्या असतात. अल्झायमरमध्ये अमायलॉइड नावाचं प्रोटीन साचायला विसरभोळेपणाच्या पंधरा-वीस वर्षं आधीच सुरुवात होते. मेंदू एवढा सांभाळून घेतो, उरलेल्या पेशींकडून एवढं काम करून घेतो की बाहेरून काही कळतच नाही.

बाबांचं निदान झाल्यावर मी त्यांच्या जुन्या डायऱ्या काढल्या होत्या. ते रोजचा खर्च लिहायचे. निदानाच्या पाच वर्षं आधीच्या डायरीत अक्षर मोठं, ओळ सोडून बाहेर जाणारं. तीन वर्षं आधीच्या डायरीत तेच अक्षर ओळीच्या मध्यापासून बारीक होत जातं, शेवटचा शब्द तर मुंगीएवढा. आम्हाला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला असेल. त्याच्याही आधीपासून ते झोपेत ओरडायचे, हात झाडायचे, आईने एकदा रात्री खांद्याला फटका खाल्लाय. आणि उदबत्तीचा वास येत नाही म्हणायचे, ते तर आम्ही सर्दीवर घातलं. आज कळतं की वास जाणं, बद्धकोष्ठता, आणि स्वप्नात चाललेली हाणामारी प्रत्यक्ष हातापायांनी करणं ही सगळी कित्येक वर्षं आधीची चिन्हं असू शकतात. घाबरू नका, बद्धकोष्ठता असलेल्या प्रत्येकाला पार्किन्सन्स होत नाही, वास जाण्याचीही शंभर कारणं असतात. पण झोपेतली हाणामारी वारंवार होत असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा.

स्कॉटलंडमधल्या एका निवृत्त नर्सची गोष्ट तर मी सगळ्यांना सांगते. त्यांच्या नवऱ्याच्या अंगाचा वास बदलला होता, निदान व्हायच्या दहाहून जास्त वर्षं आधी. नंतर संशोधकांनी त्यांची परीक्षा घेतली, बारा टी-शर्ट, सहा पेशंटचे, सहा निरोगी लोकांचे. त्यांनी सहाही पेशंट बरोबर ओळखले आणि एका निरोगी माणसालाही पार्किन्सन्स आहे असं सांगितलं. ती एकच चूक धरली होती. आठेक महिन्यांनी त्या माणसालाही पार्किन्सन्सचं निदान झालं. त्यावरून आता त्वचेवरच्या तेलकट थरातली रसायनं शोधून टेस्ट बनवायचं काम चाललंय.

मग आधीच कळेल अशी टेस्ट आहे का?

येतायत. अल्झायमरसाठी रक्तातल्या टाऊ प्रोटीनच्या (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं दुसरं प्रोटीन) एका प्रकारावरून आत अमायलॉइड साचलंय का हे बऱ्यापैकी सांगता येतं, आणि २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना आणि तपासण्यांना परवानगी देणारी सरकारी संस्था) अशा पहिल्या रक्ततपासणीला परवानगी दिली. पण ती ज्यांना आधीच विसरण्याचा त्रास होतोय अशांसाठी आहे, उगाच धडधाकट माणसाने हौस म्हणून करायची नाही. पार्किन्सन्ससाठी पाठीच्या मणक्यातलं पाणी काढून त्यात अल्फा-सिन्यूक्लिन नावाच्या बिघडलेल्या प्रोटीनचं बी आहे का हे शोधणारी टेस्ट आहे, २०२३ मध्ये मोठ्या अभ्यासात ती चांगली चालली. बाबांनी ते पाणी दोनदा दिलंय. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी डोकं दुखलं, आणि दोन्ही वेळा म्हणाले की बरं वाटलं, काहीतरी उपयोगाचं केलं.

पार्किन्सन्सची गोळी कशी सापडली? ती तर चालते ना?

चालते, आणि कशी चालते ते मी रोज बघते. सकाळी सहाला बाबा पलंगावर लाकडासारखे असतात, कूस बदलायलाही मदत लागते. गोळी दिली की चाळीसएक मिनिटांनी आधी बोटं सुटतात, मग खांदा, मग स्वतः उठून बसतात.

त्यामागे ससे आहेत. १९५७ मध्ये स्वीडनमध्ये अर्विद कार्लसन यांनी सशांना मेंदूतलं डोपामाइन संपवणारं रेसरपिन नावाचं औषध दिलं, ससे गठ्ठ्यासारखे पडून राहिले. मग एल-डोपा टोचलं (मेंदूत त्याचंच डोपामाइन बनतं, आणि बाबांच्या गोळीत हेच असतं) आणि थोड्याच वेळात ससे उठून हिंडायला लागले. तोपर्यंत डोपामाइन हा मेंदूत स्वतंत्र काम करणारा पदार्थ आहे हेच कुणी मानत नव्हतं. त्यांना २००० मध्ये नोबेल मिळालं. पुढे व्हिएन्नात ओलेह होर्निकिविच यांनी वारलेल्या पेशंटच्या मेंदूचे नमुने तपासले. त्या चाचणीत डोपामाइन असलं की गुलाबी रंग यायचा. निरोगी नमुना गुलाबी झाला, पार्किन्सन्सवाला जवळजवळ बिनरंगी राहिला, यंत्र न लावता नुसत्या डोळ्यांनी फरक दिसला. १९६१ मध्ये पेशंटना एल-डोपाची इंजेक्शनं दिली, अंथरुणाला खिळलेली माणसं उठून चालली. पण परिणाम काही तासच टिकायचा. १९६७ मध्ये जॉर्ज कोट्झियास यांनी तोंडाने, अगदी हळूहळू डोस वाढवत दिलं तेव्हा ते खऱ्या अर्थाने औषध झालं.

आणि ती भिंत आठवते का वर सांगितलेली? डोपामाइन ती ओलांडू शकत नाही, म्हणून थेट डोपामाइन देऊन उपयोग नाही. एल-डोपा ओलांडतं, कारण ते अन्नातल्या अमायनो ॲसिडच्याच दारातून आत शिरतं. म्हणूनच जेवणातल्या प्रोटीनची आणि गोळीची त्या दारात गर्दी होते, आणि म्हणूनच बऱ्याच पेशंटना जेवणाच्या अर्धा तास आधी गोळी घ्यायला सांगतात. हे कारण आम्हाला दोन वर्षं कुणी सांगितलंच नव्हतं. नुसतं "जेवणाआधी" लिहिलेलं, आम्ही कधी आधी कधी नंतर द्यायचो आणि मग दुपारी बाबा अडकून का पडतात कळायचं नाही.

फक्त एक, ही गोळी आजार थांबवत नाही. कमी पडलेलं भरून काढते, पेशी मरायच्या त्या मरतच राहतात.

अल्झायमरवर नवीन औषधं आलीत म्हणे, खरं आहे का?

खरं आहे, पण अर्धवट बातम्या वाचून आशा बांधू नका. लेकॅनेमॅबला अमेरिकेत २०२३ मध्ये आणि डोनानेमॅबला २०२४ मध्ये परवानगी मिळाली. दोन्ही अँटिबॉडी आहेत, शिरेतून देतात, मेंदूतलं अमायलॉइड खरवडून काढतात. लेकॅनेमॅबच्या मोठ्या ट्रायलमध्ये, म्हणजे माणसांवरच्या चाचणीत, १७९५ लोक होते, दीड वर्षात औषध घेणाऱ्यांची घसरण २७ टक्के कमी झाली. ऐकायला मोठं वाटतं. पण ज्या १८ मार्कांच्या मोजपट्टीवर हे मोजलं त्यावर फरक होता ०.४५ चा. कुणाला त्यात काही महिने जास्त स्वतःच्या हाताने कपडे घालता येणं दिसेल, कुणाला काहीच दिसणार नाही. शिवाय काहींच्या मेंदूला सूज येते किंवा बारीक रक्तस्राव होतो, त्यासाठी सारखे एमआरआय लागतात, आणि अल्झायमरची शक्यता वाढवणाऱ्या एपीओई-४ जीनच्या दोन्ही प्रती असलेल्यांना हा धोका जास्त. ही औषधं फक्त अगदी सुरुवातीच्या टप्प्यासाठी आहेत. आजार पुढे गेलेला असेल तर नाही.

माझं मत विचाराल तर हे पहिलं पाऊल आहे आणि मला ते महत्त्वाचं वाटतं, कारण आधीच्या वीस वर्षांत आजाराचा वेग कमी करणारं काहीच हाती लागलं नव्हतं.

पण अमायलॉइडचा सिद्धांत खोटा निघाला ना? कुणीतरी फोटोत फेरफार केले होते?

दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतायत. २००६ मध्ये अमायलॉइडच्या एका विशिष्ट प्रकाराबद्दल गाजलेला पेपर आला होता, त्यातल्या चित्रांवर २०२२ मध्ये शंका घेतली गेली आणि २०२४ मध्ये तो मागे घेतला गेला. वाईटच झालं, त्यावर विसंबून कित्येकांनी कामाची वर्षं घालवली. पण अमायलॉइडचा मूळ विचार त्या पेपरवर उभा नव्हता. तो त्याआधीचा आहे, आणि त्याचा सगळ्यात भक्कम पुरावा घराण्यांमधून येतो, जिथे अमायलॉइडशी संबंधित जीनमधल्या चुकीमुळे पिढ्यान् पिढ्या चाळिशीतच अल्झायमर होतो.

अडचण वेगळीच आहे. अमायलॉइडविरुद्ध लस द्यायचा एक प्रयोग २००२ मध्ये थांबवावा लागला, कारण साधारण ६ टक्के लोकांच्या मेंदूला दाह झाला. पुढे त्यातले काही जण वारल्यावर मेंदू तपासले, तर काहींच्या मेंदूतलं अमायलॉइड जवळपास साफ झालं होतं, तरी ती माणसं शेवटी पूर्ण डिमेन्शियात, म्हणजे स्मृती आणि विचारशक्ती गेलेल्या अवस्थेत, गेली होती. म्हणजे कचरा काढला पण घर आधीच पोखरलं होतं. म्हणून आता लक्षणं नसलेल्या पण आत अमायलॉइड साचलेल्या लोकांवर ट्रायल चालू आहेत.

कुठल्या आजारात खरंच यश आलंय असं एक तरी उदाहरण द्या.

एसएमए. स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफी. मन खचलं की मी हेच वाचते.

यात बाळाच्या मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मरतात. सगळ्यात गंभीर प्रकारात बाळ कधी बसत नाही, मान धरत नाही, आणि उपचार नसेल तर बहुतेक बाळं दोन वर्षांची व्हायच्या आत जातात किंवा कायम व्हेंटिलेटरवर राहतात. एसएमएन-१ हा जीन १९९५ मध्ये सापडला. निसर्गाने त्याची एक कच्ची नक्कल पण ठेवलीये, एसएमएन-२, तिच्यातून प्रोटीन बनतं पण बहुतेक अर्धवट. संशोधकांनी असं औषध बनवलं की जे त्या नकलेची जुळणी दुरुस्त करून तिच्याकडून पूर्ण प्रोटीन बनवून घेतं. न्यूसिनर्सेन, परवानगी डिसेंबर २०१६. त्यानंतर २०१९ मध्ये जीन थेरपी आली, २०२० मध्ये तोंडाने घ्यायचं औषध.

पण मला सांगायचंय ते पुढचं. एका अभ्यासात २५ बाळांना, लक्षणं दिसायच्या आधीच, जन्मल्यावर काही आठवड्यांतच न्यूसिनर्सेन सुरू केलं. काही वर्षांनी बघितलं तर पंचवीसच्या पंचवीस जिवंत, एकही कायमच्या व्हेंटिलेटरवर नाही, आणि २२ मुलं स्वतःच्या पायांनी चालत होती. ज्या आजारात मुलं बसत नव्हती त्यात! तेच औषध लक्षणं दिसल्यावर दिलं तर जीव वाचतो, फायदा होतो, पण एवढा नाही. म्हणून नवजात बाळांची टाचेतून रक्त घेऊन एसएमएसाठी तपासणी जिथे होते तिथे चित्रच बदललंय.

स्ट्रोकमध्ये पण वेळच ना?

हो, तिथे तर वर्षं नाही, मिनिटं. मोठ्या रक्तवाहिनीच्या स्ट्रोकमध्ये दर मिनिटाला सरासरी १९ लाख न्यूरॉन्स जातात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या तीन तासांत दिलं तर फायदा होतो हे १९९५ मध्ये सिद्ध झालं, नंतर ती वेळ साडेचार तासांपर्यंत वाढली, आणि मांडीतून नळी घालून गुठळी ओढून काढायची पद्धत २०१५ च्या ट्रायल्सनी पक्की केली. काही निवडक पेशंटमध्ये ते आता चोवीस तासांपर्यंत करतात. चेहरा एका बाजूला ओघळला, हात वर राहत नाही, बोलणं अडखळतंय, तर झोपून बघूया असं अजिबात करू नका, सरळ हॉस्पिटल.

घरात हंटिंग्टन्स आहे. जीन टेस्ट करून घेऊ का?

हे मी तुम्हाला सांगू शकत नाही आणि कुणीच सांगू नये. आई किंवा वडिलांना असेल तर तुम्हाला असण्याची शक्यता निम्मी. टेस्ट अगदी खात्रीची आहे, डीएनएमधली तीन अक्षरं किती वेळा रिपीट होतात ते मोजतात, ४० किंवा जास्त असतील तर आजार होणार. आणि आज त्याला थांबवणारं मान्यताप्राप्त औषध नाही.

हा जीन शोधायला नॅन्सी वेक्सलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं व्हेनेझुएलातल्या तळ्याकाठच्या गावांमध्ये जाऊन एका प्रचंड कुळाची वंशावळ आणि रक्ताचे नमुने गोळा केले. १९८३ मध्ये जीन चौथ्या क्रोमोसोमवर आहे एवढं कळलं, प्रत्यक्ष जीन हातात यायला १९९३ उजाडलं. वेक्सलर यांच्या आई याच आजाराने गेल्या होत्या, म्हणजे त्यांना स्वतःलाही निम्मा धोका, आणि २०२० मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितलं की आपल्यालाही तो आहे. ज्यांना धोका आहे अशातले बहुतेक लोक टेस्ट करून घेत नाहीत, हेही लक्षात ठेवा, न करणं म्हणजे भित्रेपणा नाही. करणार असाल तर आधी जेनेटिक काउन्सेलरशी बोला, एकदा नाही, दोन-तीनदा.

मल्टिपल स्क्लेरोसिस व्हायरसमुळे होतो का?

एपस्टाइन-बार व्हायरसशी खूप घट्ट संबंध दिसलाय. २०२२ मध्ये अमेरिकन लष्करातल्या एक कोटीहून जास्त लोकांच्या वीस वर्षांच्या नोंदी आणि साठवलेलं रक्त तपासलं, तर हा संसर्ग झाल्यावर एमएसचा धोका ३२ पट वाढलेला निघाला. पण हा व्हायरस जगातल्या बहुतेक मोठ्या माणसांना होऊन गेलेला असतो आणि एमएस फार थोड्यांना होतो, म्हणजे अजून काहीतरी लागतं. तरी दिशा मिळाली. आणि एमएसवर प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधं बरीच आहेत, तीस वर्षांपूर्वीपेक्षा आजचा एमएस पेशंट खूप चांगल्या परिस्थितीत आहे.

ट्रायलमध्ये भाग घेतला तर आपल्यावर प्रयोग करतात ना? आणि खोटी गोळी दिली तर?

प्रयोग करतात, हो, लपवण्यासारखं काही नाही. पण तुमच्या लेखी संमतीशिवाय नाही, आणि कुठल्याही क्षणी कारण न देता बाहेर पडता येतं. संमतीचे कागद घरी आणा, घाई करू देऊ नका. आम्ही बाबांचे कागद तीन दिवस वाचले, पेन्सिलीने अकरा प्रश्न काढले, आणि समोरच्या बाईंनी अकराच्या अकरा प्रश्नांची शांतपणे उत्तरं दिली. कुणी टाळाटाळ करत असेल तर उठून या.

खोट्या गोळीबद्दल, म्हणजे प्लासिबोबद्दल, मलाही आधी चीड होती. मग एक गोष्ट वाचली. २००१ मध्ये पार्किन्सन्सच्या पेशंटना औषध म्हणून नुसतं प्लासिबो दिलं आणि स्कॅनमध्ये बघितलं, तर त्यांच्या मेंदूत खरोखरीचं डोपामाइन सुटलं होतं. नुसत्या आशेने. म्हणजे नवीन औषधाने बरं वाटलं असं पेशंटने सांगितलं तर तो खोटं बोलत नसतो, त्याला बरं वाटलेलंच असतं, पण ते औषधाने की आशेने हे तुलना केल्याशिवाय कळणार कसं?

विचारायच्या गोष्टी: ट्रायलचा कितवा टप्पा आहे, चालू औषधं बंद करावी लागतील का, त्रास झाला तर रात्री-बेरात्री फोन कुणाला करायचा, उपचाराचा खर्च कोण करणार, ट्रायल संपल्यावर औषध मिळत राहणार का. आणि ट्रायलसाठी पेशंटकडूनच पैसे मागत असतील तर तिथेच सावध व्हा.

ट्रायल फेल झाली की सगळं वाया जातं का?

एएलएसमधलं एक उदाहरण सांगते. एका औषधाला छोट्या ट्रायलच्या जोरावर २०२२ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली, कारण पेशंटकडे वेळच नव्हता. मग मोठी ट्रायल झाली, मार्च २०२४ मध्ये निकाल आला की उपयोग होत नाही, आणि पुढच्याच महिन्यात कंपनीने औषध मागे घेतलं. ज्यांच्या घरात ते चालू होतं त्यांना काय वाटलं असेल याची मला कल्पना आहे. पण ती मोठी ट्रायल झालीच नसती तर लोक वर्षानुवर्षं निरुपयोगी औषध घेत राहिले असते. दुसरीकडे त्याच आजारात सॉड-१ जीनची चूक असलेल्या थोड्या पेशंटसाठी, साधारण २ टक्के, २०२३ मध्ये टोफर्सेन आलं. म्हणून एएलएस असेल तर जीन टेस्टबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.

उंदरांवर चाललं तर माणसांवर का चालत नाही?

कारण उंदराला अल्झायमर होतच नाही, त्याच्यात माणसाचा बिघडलेला जीन घालून तो तयार करतात, आणि तो उंदीर जगतो दोन-अडीच वर्षं. सत्तर वर्षं घेऊन येणारा आजार त्यात कसा पूर्ण उतरणार? म्हणून आता पेशंटच्याच त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशींपासून न्यूरॉन्स बनवतात. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या पेशी मागे नेऊन मूळ अवस्थेत आणून दाखवल्या, त्याच्या जोरावर हे शक्य झालं. बाबांच्या रक्तातून बनवलेल्या पेशी कुठल्यातरी फ्रीझरमध्ये आहेत, हा विचार मला फार विचित्र आणि फार चांगला वाटतो.

मग स्टेम सेल, म्हणजे अशा मूळ अवस्थेतल्या पेशी, घालून मेंदू नवीन करता येईल?

२०२५ मध्ये पार्किन्सन्सवर दोन छोट्या ट्रायल्सचे निकाल आले, एकीत १२ आणि दुसरीत ७ पेशंट. प्रयोगशाळेत स्टेम सेलपासून वाढवलेल्या डोपामाइन पेशी मेंदूत सोडल्या, त्या जगल्या, डोपामाइन बनवायला लागल्या, गंभीर त्रास झाला नाही. एवढंच म्हणता येतं. अजून मोठी तुलना व्हायचीये.

याचा फायदा घेऊन "स्टेम सेलने पार्किन्सन्स, ऑटिझम, लकवा सगळं बरं" अशा जाहिराती करणारे खूप आहेत. आमच्याकडेही एकदा असं माहितीपत्रक आलं, आम्ही पैसे जमवायलाही लागलो होतो. मी एकच विचारलं, निकाल कुठे छापलेत? उत्तरादाखल तीन पेशंटचे व्हिडिओ आले. आम्ही नाही गेलो. एकच उपचार दहा आजारांवर चालतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा, प्लीज.

मेंदूत तार घालतात किंवा चिप बसवतात ते काय?

दोन वेगवेगळी कामं. डीप ब्रेन स्टिम्युलेशनमध्ये मेंदूत खोलवर तार आणि छातीत पेसमेकरसारखी बॅटरी, विजेच्या वेगवान ठोक्यांनी थरथर शांत होते. १९८७ मध्ये फ्रान्समध्ये आलिम-लुई बेनाबिद यांनी सुरू केलं, आता रुळलेला उपचार आहे, योग्य पेशंटला गोळ्या कमी होतात. चिपचं काम अजून संशोधनाचंच, पण थक्क करणारं आहे: २०२३ मध्ये एएलएसमुळे बोलणं गेलेल्या एका बाईंच्या मेंदूतले संकेत वाचून कॉम्प्युटरने मिनिटाला ६२ शब्दांपर्यंत वाक्यं उमटवली. आपण मिनिटाला साधारण १६० बोलतो.

डिमेन्शिया टाळायला आत्ता काय करता येईल?

२०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने १४ गोष्टी काढल्या, त्या सगळ्या सुधारल्या तर जगातला साधारण ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतो असा त्यांचा अंदाज. ब्लडप्रेशर, डायबेटिस, कोलेस्टेरॉल, सिगारेट, दारू, व्यायाम, शिक्षण, एकटेपणा, डिप्रेशन, डोक्याला मार, हवेतलं प्रदूषण, वजन, आणि ज्याकडे कुणी बघत नाही त्या दोन, कमी ऐकू येणं आणि कमी दिसणं. आईवडिलांना ऐकू येत नसेल तर "वयाने होतं" म्हणून सोडू नका, मशीन लावून द्या.

बाबांनी मेंदूदान करायचं ठरवलंय म्हणे, ते कशासाठी?

हो, त्यांचाच निर्णय, फॉर्म भरून झालाय. कशासाठी ते एका बाईंच्या गोष्टीवरून सांगते. कोलंबियात एक मोठं कुळ आहे, हजारो माणसं, त्यांच्यातल्या ज्यांना अल्झायमरचा बिघडलेला जीन येतो त्यांना चव्वेचाळीसच्या आसपास विसरायला व्हायला लागतं. डॉ. फ्रान्सिस्को लोपेरा यांनी जवळजवळ चाळीस वर्षं त्या कुटुंबांसोबत काम केलं. त्यांना त्यात एक बाई सापडल्या, जीन तोच, मेंदूत अमायलॉइड खच्चून भरलेलं, आणि तरी सत्तरी येईपर्यंत डोकं शाबूत. त्यांच्याकडे अजून एक दुर्मिळ बदल होता, एपीओई जीनमधला, दोन्ही प्रतींमध्ये. २०१९ मध्ये ते जगासमोर आलं, २०२० मध्ये त्या गेल्या आणि त्यांच्या मेंदूचा अभ्यास झाला. अमायलॉइड भरपूर, पण टाऊ कित्येक भागांत फारच कमी. आता तो बदल औषधाने घडवून आणता येईल का यावर काम चाललंय. एका माणसाचा मेंदू.

व्यावहारिक बाजू अशी की मृत्यूनंतर जितकं लवकर तितकं चांगलं, शक्यतो काही तासांत, त्यामुळे मेंदू बँकेचा नंबर घरातल्या सगळ्यांकडे हवा. चेहरा विद्रूप होत नाही, अंत्यदर्शन नेहमीसारखं करता येतं. बऱ्याच ठिकाणी मेंदूचा अर्धा भाग उणे ८० अंशांवर गोठवतात, अर्धा फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. आणि निरोगी माणसांचे मेंदूही तितकेच हवे असतात, तुलनेला, ते फार कमी मिळतात.

मेंदू बँकेतल्या एका ताईंनी मला मेंदूचे दोन काप शेजारी शेजारी ठेवून दाखवले होते. निरोगी मेंदूच्या बुंध्याच्या कापात दोन्ही बाजूंना काजळाची बारीक रेघ ओढल्यासारखा काळा पट्टा, तिथेच डोपामाइनच्या पेशी राहतात. पार्किन्सन्सवाल्यात ती रेघ पुसलेली, थोडा करडेपणा उरलेला. मी बराच वेळ बघत राहिले. घरी येऊन बाबांना सांगितलं तर त्यांनी विचारलं, "माझी किती उरली असेल?" मग दुसऱ्या दिवशी आईने आणि मी पण आमचे फॉर्म भरले.